आष्टी, पण कोणती?

ओलिताचे दिवस आहेत. संत्र्याच्या बागेला पाणी सुरू असताना विहिरीवरची मोटार जळते. वडील पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाला फोन करतात : नेहमीचा वाइंडिंगवाला गावाला गेला आहे, दुसरा कोणी मिळतो का पाहा. मुलगा मोबाईलवर रोमन अक्षरांत ‘मोटर वाइंडिंग आष्टी’ असे टाइप करतो. समोर दुकान येते, फोन लागतो, पलीकडचा माणूस ‘आणा की, लगेच करून देतो’ म्हणतो. दोन-चार वाक्ये झाल्यावर कळते की ही आष्टी बीड जिल्ह्यातली आहे, चारशे किलोमीटरांहून लांब. आणि वडिलांच्या गावातले, बसस्थानकापासून चालत जाता येईल असे दुकान पडद्यावर आलेच नाही, कारण त्याच्या मालकाने ते कुठे नोंदवलेलेच नव्हते.

हा प्रसंग मी नमुना म्हणून मांडला आहे, पण आष्टीत धंदा करणाऱ्या कोणालाही तो परका वाटणार नाही. छोट्या व्यवसायाने इंटरनेटवर कसे असावे, याबद्दल जे सल्ले मिळतात ते बहुधा जाहिरात, रील आणि फॉलोअरपासून सुरू होतात. वर्धा जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी मात्र सुरुवात त्याच्या बरीच अलीकडे करावी लागते. तुम्ही कोण, कोणत्या आष्टीचे आणि आत्ता उघडे आहात का, एवढे तीन प्रश्न सुटले तर अर्धे काम झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात आष्ट्या किती आहेत ते पाहा. बीड जिल्ह्यातली आष्टी तालुक्याचे ठिकाण आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नगरहून तिथवर रेल्वे सुरू झाल्यापासून बातम्यांमध्येही तिचे नाव जास्त येते. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी एक आष्टी आहे. जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यात एक आहे. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यात तलावाची आष्टी आहे. फेब्रुवारी १८१८ मध्ये पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले ती हीच. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचा इतिहास वेगळा आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, इथले लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, माणसे मेली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तापलेला हा मुलूख होता. म्हणून लोक आजही ‘आष्टी शहीद’ म्हणतात. त्यात रोमन लिपीची भर पडते. कोणी एक ए लिहितो, कोणी दोन, कोणी टी पुढे एच जोडतो, आणि शेवटचे अक्षर चुकले की माणूस सांगलीच्या आष्ट्याला किंवा मध्य प्रदेशातल्या आष्ट्याला पोहोचतो.

यंत्राला हे गोंधळाचे वाटते, आपल्या लोकांना ते कधीच वाटले नव्हते. तालुक्यातलेच तळेगाव घ्या. तळेगावे ढीगभर, म्हणून हे तळेगाव श्यामजीपंत. शेजारचे कारंजा हे कारंजा घाडगे, वाशिमचे कारंजा लाड. गावाच्या नावाला माणसाचे, घराण्याचे किंवा घटनेचे शेपूट जोडून ओळख पक्की करण्याची ही रीत पोस्टाच्याही आधीची आहे. पुढे पोस्टाने तिला अंकांचे रूप दिले आणि ते काम एका मराठी माणसाने केले. श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. एकाच नावाची गावे, वेगवेगळ्या भाषांतले आणि लिप्यांतले पत्ते यांतून वाट काढण्यासाठी त्यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला. सहा अंकांतला पहिला देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपालाचा जिल्हा, आणि शेवटचे तीन नेमके टपाल कार्यालय. इथे आष्टीकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : वर्धा आणि चामोर्शी या दोन्ही भागांचे पिन ४४२ नेच सुरू होतात. म्हणजे पहिले तीन अंक जुळले म्हणून पार्सल आपल्याच आष्टीला येईल असे नाही. शेवटचे तीनही तेवढेच नीट लिहिले पाहिजेत.

तेव्हा ऑनलाइन पत्ता लिहिताना नुसते ‘आष्टी’ कधीही लिहू नये. ‘मु. पो. आष्टी, ता. आष्टी, जि. वर्धा’ आणि पुढे पिन, हा जुन्या पोस्टकार्डावरचा साचा आजही सर्वांत चांगला आहे. देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हींत लिहावा, आणि रोमन स्पेलिंग एकच धरून ठेवावे. गूगलवर एक, व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरे, बिलावर तिसरे असे झाले की शोधयंत्राला ही तीन वेगळी दुकाने वाटू शकतात. ‘शहीद’ हा शब्द पत्त्यात ओळख म्हणून यावा. मिठाईच्या किंवा मोबाईलच्या जाहिरातीत सजावट म्हणून तो कोणी वापरू नये, असे मला मनापासून वाटते.

आता नकाशा. गूगलची व्यवसाय नोंद, म्हणजे नकाशावर दुकानाच्या नावावर बोट ठेवले की उघडणारे पान, फुकट आहे. २०१४ मध्ये ती ‘गूगल माय बिझनेस’ या नावाने आली, २०२१ पासून तिला ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात. जवळची दुकाने दाखवताना आपण तीन गोष्टी पाहतो, असे गूगल स्वतः सांगते : विचारलेल्या गोष्टीशी दुकान किती जुळते, शोधणाऱ्यापासून किंवा त्याने लिहिलेल्या गावापासून ते किती दूर आहे, आणि त्याचे नाव किती झालेले आहे. अंतर आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन बऱ्याच अंशी आहेत.

जुळणे ठरते ते प्रवर्गाने. नोंद करताना एक मुख्य प्रवर्ग निवडावा लागतो आणि इथे बहुतेक जण घाईने ‘इलेक्ट्रिकल दुकान’ निवडून मोकळे होतात. मोटार भरून देणाऱ्याने मोटार दुरुस्तीचाच प्रवर्ग घ्यावा, वायर-बल्ब विकत असेल तर तो दुय्यम म्हणून जोडावा. मग वर्णन. त्यात गिऱ्हाईक ज्या शब्दांत विचारते ते शब्द साध्या वाक्यांत यावेत : सबमर्सिबल, मोनोब्लॉक, स्टार्टर, केबल जोडणी, शेतावर येऊन मोटार काढणे. तळेगाव, साहूर या गावांपर्यंत जात असाल तर तसे लिहावे.

नावात मात्र हात घालू नये. दुकानाच्या नावापुढे ‘आष्टी वर्ध्यातील सर्वोत्तम मोटार वाइंडिंग’ अशी माळ लावली की वर दिसते, असा सल्ला सर्रास मिळतो. पाटीवर जे नाव आहे तेच नोंदीत असावे हा गूगलचा नियम आहे आणि तो मोडला तर नोंद निलंबित होऊ शकते. दोन वर्षे जमवलेले अभिप्राय एका सकाळी दिसेनासे होणे छोट्या दुकानदाराला परवडत नाही. पाटीचाच विषय निघाला म्हणून : २०२२ च्या कायदा दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली आहे. ती पाटी स्वच्छ, वाचता येईल अशी असेल तर तिचा दुसराही उपयोग होतो. नोंद खरी आहे हे पटवण्यासाठी गूगल आता बहुतेक वेळा व्हिडिओ मागते. रस्ता, आजूबाजूची ओळखीची जागा, पाटी, मग कुलूप उघडून आत जाताना, आतली यंत्रे, असे सलग, न कापलेले चित्रण करायचे. कोणाची मुलाखत नको, संगीत नको. दुकान तिथे आहे आणि किल्ली तुमच्या हातात आहे एवढेच त्यात दिसायला हवे.

नकाशावरचा ठिपका स्वतः ओढून दुकानाच्या दारात ठेवावा लागतो. पत्ता लिहिला की यंत्र अनेकदा गावाच्या मधोमध ठिपका टाकून देते, आणि लहान गावात घरक्रमांक कोणी लावत नाही म्हणून त्याला दुसरा आधारही नसतो. गूगलचे ‘प्लस कोड’ याच अडचणीसाठी आहेत. २०२५ मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ आणला. देशाची सगळी जमीन सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला आहे. वेलणकरांच्या पिनने पत्र गावात आणले, डिजिपिन विहिरीच्या काठापर्यंत नेऊ शकतो. बागेतून थेट माल उचलणाऱ्या गाडीवाल्याला हा संकेत पाठवून पाहावा, ‘पुलानंतर डावीकडे बाभळीजवळ’ सांगण्याचे चार फोन वाचतील.

नाव होण्याचा भाग अवघड आहे, कारण तो अभिप्रायांवर उभा असतो आणि लहान गावात माणसे लेखी बोलायला संकोचतात. तोंडावर ‘भाऊ, काम झकास झालं’ म्हणणारा माणूस तारे द्यायला गेला की थबकतो. त्याला तिथेच, मोटार सुरू झाल्याच्या क्षणी विनंती करावी; आठवड्याने पाठवलेला संदेश तो उघडणार नाही. काय काम केले, किती वेळ लागला, गाव कोणते, एवढे त्याने मराठीत दोन ओळींत लिहिले तरी पुण्यातल्या त्या मुलाला पुरते. चुलतभावांकडून पन्नास खोटे अभिप्राय लिहून घेणे हा मार्ग टाळावा. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले तेच या खोटेपणाला आळा घालण्यासाठी. आणि मानक नसते तरी गावात कोण कोणाचा चुलतभाऊ हे सगळ्यांना ठाऊक असते.

वाईट अभिप्राय आला तर उत्तर द्यावे, आणि ते तक्रार करणाऱ्यासाठी नव्हे, पुढे वाचणाऱ्या शंभर जणांसाठी लिहावे. माझ्या घरातल्या एका दुकानावर ‘मोटर आठ दिवसांत परत जळली’ असा एक तारा आला तेव्हा आमच्याकडून रागाचे उत्तर गेले होते. ते पुसले आणि लिहिले, ‘मोटार घेऊन या, व्होल्टेज तपासून पाहू, वाइंडिंगचा दोष असेल तर पैसे घेणार नाही.’ तो माणूस आला. दोष स्टार्टरचा होता. त्याने तारा बदलला नाही, पण तेव्हापासून नवी गिऱ्हाइके त्या उत्तराचा उल्लेख करतात.

याच दुकानाने दुसरा धडा दिला. नोंद केली होती आमच्याकडे कामाला असलेल्या एका हुशार मुलाने, स्वतःच्या मेलवरून. तो नागपूरला गेला, नंबर बदलला, आणि दुकानाची वेळ बदलायचीही सोय उरली नाही. मालकी परत मागता येते, पण त्यात वेळ आणि धीर दोन्ही जातात. म्हणून मेल, पासवर्ड आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर मालकाच्याच नावावर हवा. मुलाला ‘व्यवस्थापक’ म्हणून जोडता येते, मालक म्हणून नव्हे. तिजोरीच्या किल्लीइतकेच हे जपावे. आणि ‘गूगलमधून बोलतोय, पैसे भरले नाहीत तर तुमची नोंद बंद होईल’ असा फोन आला तर ठेवून द्यावा. नोंदीला पैसे लागत नाहीत. पैसे ‘घेण्यासाठी’ यूपीआय पिन टाका असे कोणी सांगितले तर तो लुबाडतो आहे, कारण पैसे घेताना पिन लागतच नाही. फसगत झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करावा.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांना येते. जानेवारी २०१८ मध्ये आलेले त्याचे व्यवसायासाठीचे वेगळे अ‍ॅप वापरावे. त्यात पत्ता, वेळ, वस्तूंची यादी आणि दुकान बंद असताना आपोआप जाणारे उत्तर ठेवता येते. घरचा नंबर आणि धंद्याचा नंबर वेगळा असावा. एकाच वेळी अनेकांना पाठवलेला प्रसारण संदेश फक्त त्यालाच पोहोचतो ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे. म्हणून बिल देताना ‘नंबर सेव्ह करून घ्या’ हे म्हणणे जाहिरातीपेक्षा कामाचे. रात्री साडेदहाला ‘दुकान उघडं आहे का जी?’ असा संदेश येतो, त्याचे उत्तर यंत्राला देऊ द्यावे.

ज्यांना दुकानच नाही त्यांचे काय? सरगुंडे, कुरड्या, मूगवड्या, पापड घरी करून विकणाऱ्या कितीतरी जणी या भागात आहेत. त्यांनी घराचा पत्ता नकाशावर टाकण्याची गरज नाही आणि टाकूही नये. गूगलच्या नोंदीत पत्ता लपवून फक्त ‘सेवा क्षेत्र’ दाखवण्याची सोय आहे. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी मात्र हवी. तिचा चौदा अंकी क्रमांक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख आणि बनवणाऱ्याचा पत्ता पाकिटावर असला की पुण्या-मुंबईचे अनोळखी गिऱ्हाईक निर्धास्त होते. एका फोटोत उन्हात वाळणाऱ्या कुरड्यांची खाट आणि दुसऱ्यात हे पाकीट, एवढ्यावर यादी पुरी होते. उसने घेतलेले चकचकीत फोटो लावू नयेत. घरी आलेला माल तसा नसला की पुढची मागणी येत नाही.

संत्र्याचे गणित आणखी निराळे. आष्टी, कारंजा, आर्वी हा वर्धा जिल्ह्यातला संत्र्याचा पट्टा. आंबिया बहराची फळे दिवाळीच्या आगेमागे आणि त्यानंतर येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे विकायचे दिवस वर्षातून थोडे. बाकीचे महिने पान ओस पडते आणि हंगाम आला की एकदम ‘बुकिंग सुरू’ असा संदेश जातो. शहरातल्या माणसाला तोवर आपण आठवत नसतो.

इथे मला ‘किर्लोस्कर खबर’ आठवते. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ती सुरू केली, कारखान्याचे माहितीपत्र म्हणून. नांगर विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला नांगराबरोबर वाचायलाही काही दिले, आणि बघता बघता त्या पत्राचे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले. बागायतदाराला मासिक काढायचे नाही. पण जानेवारीत ताण तोडल्यावर फुटलेला पांढरा बहर, उन्हाळ्यात पाणी देण्याची धडपड, पावसाळ्यात गळणारी फळे आणि त्यावर केलेला उपाय, गारपीट झाली तर तीही, हे महिन्यातून दोनदा, बागेतल्याच फोटोसह लिहिता येईल. अशा बारा महिन्यांच्या ओळखीनंतर पेटी मागवणारा माणूस भाव घासत नाही. वाटेत दोन फळे दबली तर समजून घेतो, कारण सैल सालीचे हे फळ किती नाजूक ते त्याने तुमच्याकडूनच वाचलेले असते. ‘नागपूर संत्रा’ या नावाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. त्या नावाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घेता येते, आणि ज्यांना वर्षानुवर्षे थेट विक्री करायची आहे त्यांनी ती करावी.

स्वतःची वेबसाइट पहिल्याच वर्षी हवी असे मला वाटत नाही. नाव मात्र आधी घेऊन ठेवावे. शेवटी डॉट इन असलेले नाव थोड्या पैशांत वर्षभरासाठी मिळते. ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी शेपूटही उपलब्ध आहे, मराठीसकट, म्हणजे पत्ता पूर्ण मराठीत असू शकतो. फेसबुकचे किंवा इन्स्टाग्रामचे पान परक्या वाड्यातली खोली आहे, नियम वाड्याच्या मालकाचे. नाव तुमचे असेल तर उद्या ते नकाशाच्या नोंदीकडे वळवा, परवा एका पानाच्या साध्या साइटकडे. त्या पानावर तरी पूर्ण वाक्यात लिहिता येते : वर्धा जिल्ह्यातील आष्टी, तळेगाव श्यामजीपंतजवळ, नागपूर-अमरावती महामार्गावरून आत. हे वाक्य वाचून यंत्रही शिकते आणि ट्रकवालाही.

वेळेचा प्रश्न राहिला. आठवड्याची वेळ एकदा भरून विसरली जाते आणि ‘उघडे आहे’ हे वाचून साहूरहून मोटार घेऊन आलेला माणूस कुलूप बघून परततो. नोंदीत सणांसाठी ‘विशेष वेळ’ भरता येते, पण ती तारखेने. यंत्राला पोळा कळत नाही, आणि तान्हा पोळा तर विदर्भाबाहेरच्या माणसालाही सांगावा लागतो. नागपंचमी दर वर्षी वेगळ्या तारखेला येते, १६ ऑगस्ट मात्र ठरलेला. डिसेंबरअखेर नवे कॅलेंडर भिंतीवर लागले की ते समोर धरून, फोन हातात घेऊन, पोळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या आणि गावच्या जत्रेच्या तारखा एकदमच भरून टाकाव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे.